सावळ घाटात दम सोडणारी जीप

आमच्या जीपने दम सोडला तो भाऊबीजेच्या सकाळी, सावळ घाटाच्या दुसऱ्या वळणावर, बायकोच्या माहेरी जाताना. वर्षात दिवस पुष्कळ असतात आणि नाशिकहून रस्तेही पुष्कळ निघतात. पण आमच्या गाडीला मुहूर्त कळतो.

बंद पडली असती तर सोपं होतं. बंद पडलेल्या गाडीत काहीतरी तुटलेलं असतं, ते बदललं की झालं. ही बंद पडली नव्हती. इंजिन चालू होतं, आवाज गोड होता. खडखड नाही, धूर नाही, पाण्याचा काटा जागेवर. फक्त चढण आली की अंगातलं बळ गेल्यासारखी ती ढिली पडत होती. तिसऱ्यातून दुसऱ्यावर आलो, दुसऱ्यातून पहिल्यावर, आणि पहिल्यावरसुद्धा ती वरातीतल्या घोड्यासारखी, पुढे बँडवाले नाचत असल्यासारखी चालली. मी अॅक्सिलरेटर जाईल तेवढा दाबून धरला होता. टोमॅटोच्या जाळ्या, म्हणजे प्लॅस्टिकचे क्रेट, भरलेली एक पिकअप आम्हाला ओलांडून गेली. मग एक काळी-पिवळी गेली, आत पंधरा आणि टपावर चार माणसं. टपावरच्या एका आजोबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आजारी बैलाच्या मालकाकडे असं पाहतात.

ही जीप बावीस वर्षांची. डिझेलची, चारही चाकांना ताकद देणारी, आणि टर्बोसारखे लाड नसलेली. मी लग्नपत्रिका छापतो. त्या धंद्यात जीप कशासाठी, असं लोक पूर्वी विचारायचे. उत्तर पेठच्या पलीकडे आहे. माझ्या सासुरवाडीचे शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे दगड, मग ओढा, मग पुन्हा तेच दगड उभे केलेले. तिथे दारापर्यंत जाणारी जावयाची गाडी ही एकच. बाकीच्या दोन्ही जावयांच्या गाड्या चकचकीत आहेत आणि त्या ओढ्याच्या अलीकडे आंब्याखाली लावून ते दोघे पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून येतात. मी दारात उतरतो. आता कळलं असेल.

त्या दिवशी मात्र घाटातून मागे फिरलो. मेव्हण्याला फोन केला. तो बिचारा मिळेल त्या गाडीने घाट उतरून खालच्या चहाच्या टपरीवर आला आणि तिथे बायकोने त्याला ओवाळलं. कुंकू तिच्या पर्समध्ये होतं, ताट टपरीवाल्याचं होतं आणि निरांजन मिळेना म्हणून टपरीवाल्याने आपल्या देवापुढचा दिवा उचलून दिला. मेव्हणा उलट्या ठेवलेल्या टोमॅटोच्या जाळीवर बसला. चहा पीत असलेले दोन ड्रायव्हर उभे राहिले, जणू राष्ट्रगीत चाललं आहे. मला तो सगळा प्रसंग फार आवडला, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. ती चूक झाली.

परतीच्या वाटेवर रामशेजचा डोंगर दिसल्यावर बायकोने पर्समधली कुंकवाची डबी घट्ट बंद केली. मग म्हणाली, "एक महिना. महिन्यात घाट चढली तर ठीक. नाही तर ही गाडी दारात नको."

माझी बायको हवेत बोलत नाही. आठवड्याच्या आत तिने सटाण्याकडचा एक माणूस शोधून काढला. तो जुन्या जीप घेऊन त्या सोडवतो, म्हणजे सुटे भाग करून विकतो. महिना संपतो त्या रविवारी त्याने यायचं ठरलं. तेवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं, पण तो दर दोन-चार दिवसांनी मला फोन करायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, गाडी द्यायची की नाही, एवढा एकच प्रश्न, तोही अहिराणीत: "गाडी देनी शे का नई?" अतिदक्षता विभागाबाहेर वारसदाराने चौकशी करावी तसा.

मी गाडी घेऊन आमच्या मिस्त्रींकडे गेलो. आडगाव नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे. या मिस्त्रींबद्दल मी आजवर निदान शंभर लोकांना सांगितलं असेल. इतर गॅरेजमधून गाडी येते तेव्हा इंजिन ठीक असतं, पण दारावर, स्टीअरिंगवर, सीटवर काळे पंजे उमटलेले असतात. आमच्या मिस्त्रींच्या हातून गाडी आली की लाँड्रीतून आल्यासारखी दिसते. कोणाच्याही गाडीत बसण्याआधी ते चपला काढतात, हात पुसतात, मालकाचं जे काही आत असेल ते उचलून घडी करून मागे ठेवतात आणि काम झालं की जागच्या जागी मांडतात. माझ्या गाडीतली सीटवरची सोलापुरी चादर, बायकोचा पाठीमागचा लोड, माझी टाच दुखते म्हणून तिने नवरात्रात शिवलेली पायाखालची छोटी गोधडी, डॅशबोर्डवरचा नॅपकिन, सगळं त्यांच्या हातून निघायचं आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून परत बसायचं. कुणाच्या घरात पाहुणे म्हणून गेल्यासारखे ते गाडीत जातात.

मिस्त्रींनी आधी माझ्याशेजारी बसून म्हसरूळच्या पुढच्या चढणीवर दुखणं पाहिलं. मी चालवत होतो, जीप रडत होती. त्यांनी आरशात मागे पाहिलं आणि म्हणाले, धूर नाय. काळा धूर असता तर हवा कमी पडतेय म्हटलं असतं, पांढरा असता तर वेगळं. धूरच नाय म्हणजे इंजिनाच्या पोटात अन्न जात नाय. डिझेल कमी पडतंय. किती सुंदर निदान होतं ते. आणि शंभर टक्के बरोबर होतं, हे मी आजही कोर्टात सांगेन.

मग उपचार सुरू झाले. आधी त्यांनी चाकांना हात लावून पाहिला, ब्रेक धरून ठेवत असतील तर चाक तापतं म्हणून. चाकं थंड होती. क्लच घसरत नव्हता. मग डिझेलचा फिल्टर बदलला, चपला काढून गाडीत बसले आणि चढणीवर एकटे फेरी मारून आले. गाडी तिसऱ्यात चढली. मी त्यांना पेढे दिले. दुसऱ्या दिवशी त्याच चढणीवर मी दुसऱ्यावर आलो, मग पहिल्यावर.

मग टाकी खाली उतरवून धुतली. तळाशी थोडा गाळ निघाला, तो त्यांनी मला कागदावर काढून दाखवला आणि आम्ही दोघांनी पोलिसांनी माल पकडल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. फेरी मारून आले, तिसऱ्यात चढली. मी चालवली, पहिल्यावर. मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला पाठवले. मग टाकीपासून इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंतचे पाइप बदलले. प्रत्येक वेळी मिस्त्री प्रसन्न मुद्रेने परत यायचे, माझा संसार आत जागच्या जागी मांडायचे, किल्ली दोन्ही हातांनी द्यायचे, आणि प्रत्येक वेळी जीप माझ्या हातात आली की गळून जायची.

चौथ्या आठवड्यात मिस्त्रींनी फार अदबीने, जमिनीकडे बघत विचारलं, भाऊ, तुम्ही गियर जरा लवकर टाकता का?

हे मी घरी सांगायला नको होतं. बायकोने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे दम गाडीचा नाही गेलेला. मी हसलो, पण त्या संध्याकाळी छापखान्यात बसून मी माझ्या उजव्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. बावीस वर्षं त्या पायाने काम केलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाचं काय काय जातं याची यादी लोक देतात, त्यात घाट चढवण्याचं कसब असतं का, कोणाला विचारावं कळेना. मिस्त्री म्हणाले होते की आता एकच उरलं, इंजिन खोलून बघायचं. पण इतकं जुनं इंजिन खोललं की ते पूर्वीसारखं बसेलच याची खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आणि रविवार चार दिवसांवर आला होता.

आमच्या शेजारी एक काका राहतात. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. या माणसाचा कशावरही विश्वास नाही, आणि हा अविश्वास त्यांच्या स्वभावाचा नाही, पेशाचा भाग आहे. त्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या वहीत लिहिल्या जातात. मी त्यांना जीपबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण काकांना एक गोष्ट विचारली की ते चहा संपेपर्यंत विमान बनवून दाखवतात. पण शुक्रवारी तेच फाटकाशी आले आणि म्हणाले की महिनाभर गाडी जाते-येते, दोष सापडत नाही, म्हणजे तुम्ही दोष शोधत नाही आहात, भाग बदलत आहात. मी म्हटलं, काका, उद्या एक दिवस आहे. ते म्हणाले, एक दिवस पुरतो, मात्र जिथे दोष दिसला तिथेच तपासायचं. सावळ घाटातच.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मिस्त्री दुकान बंद ठेवून आले. काका पुढे माझ्या शेजारी, मांडीवर वही. मिस्त्री मागे, आणि त्यांच्या समोरच्या बाकावर थर्मास घेऊन बायको. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने कारण दिलं की उद्या जायची आहे, तर शेवटचं बसून घेते. हे तिने टोमणा म्हणून म्हटलं, पण घाट येईपर्यंत ती जीपच्या दांडीवर हात ठेवून बसली होती, ते मी आरशात पाहिलं.

घाटाच्या पायथ्याशी काकांनी गाडी थांबवली आणि वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'चढते', दुसऱ्यावर 'चढत नाही'. मी म्हटलं, बोनेट उघडू? काका म्हणाले, बोनेटला हात लावायचा नाही. मिस्त्रींना हे लागलं, जीपलाही लागलं असावं.

आधी मी चालवली. दुसऱ्या वळणावर नेमकी पहिल्यावर आली. काका डोळे मिटून आवाज ऐकत होते. वळून पायथ्याशी आलो. मग मिस्त्री उतरले, पुढे आले, चपला काढल्या, हात पुसले, आतलं सगळं उचलून मागे बायकोकडे दिलं, आणि बसले. जीप दुसरं वळण तिसऱ्यात चढून गेली. बायको मागून म्हणाली, "बघितलंत?" हे काकांना नव्हतं.

पुन्हा पायथ्याशी आलो. मिस्त्रींनी सगळं जागच्या जागी मांडलं. काकांनी वहीत काहीही लिहिलं नाही. ते उतरले, गाडीला एक फेरी मारली आणि मिस्त्रींना म्हणाले, "आता बसण्याआधी जे जे केलंत ते पुन्हा एकदा, सावकाश करून दाखवा."

मिस्त्री गोंधळले. चपला काढल्या. हात पुसले. सोलापुरी चादर उचलली, लोड उचलला, वाकून गोधडी उचलली.

"ती परत ठेवा," काका म्हणाले, "आणि तसेच चालवा."

मिस्त्रींनी गोधडी ठेवली, पण आत पाय टाकीनात. मला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. ते तसेच उभे. मग म्हणाले, "तसं नाय करता येणार, भाऊ. वहिनींनी हातानं शिवलेली हे ती. लेकराच्या अंगावर घालायची वस्तू. तिच्यावर माझे हे पाय?" आणि त्यांनी आपले पाय आम्हाला दाखवले. चाळीस वर्षांचं ऑइल टाचांच्या भेगांत बसलेलं होतं.

काका म्हणाले, प्रयोग आहे. मिस्त्री म्हणाले, असू दे. काका म्हणाले, मग पाय धुऊन घ्या. मिस्त्री म्हणाले, हे धुऊन जात नाय. काही क्षण घाटाच्या पायथ्याशी असा पेच पडला की विमान कारखान्याची सगळी शिस्त एका गोधडीपुढे थांबली. मी, खोटं कशाला बोलू, अतिशय खूश होतो. अखेर बायको मागून उतरली, पुढे आली आणि म्हणाली, "अहो दादा, मी शिवली, मीच सांगते. पाय ठेवा. यांच्या टाचा तरी कुठे स्वच्छ आहेत."

तेव्हा मिस्त्रींनी एकेक पाय फडक्याने पुसला, पुन्हा पुसला, गोधडीला हात लावून कपाळाला लावला आणि बसले. आम्ही सगळे चढलो. पहिलं वळण ठीक. दुसऱ्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यावर. मग, मी श्वास रोखून धरला होता, दुसऱ्यातून पहिल्यावर.

मिस्त्रींनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर चाललेल्या गाडीमुळेही कधी पाहिला नव्हता. "भाऊ," ते म्हणाले, "मला पण नाय चढत."

सांगायला लाज नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी गाडी कडेला घ्यायला लावली. इंजिन बंद करून मिस्त्रींना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला. मिस्त्री म्हणाले, दाबलाय. काकांनी आता, पहिल्यांदाच, बोनेट उघडलं आणि मला पंपाजवळची ती लहानशी दांडी दाखवली, जी पायाच्या दाबाने फिरते आणि शेवटी एका स्क्रूला टेकते. ती टेकली नव्हती. मध्ये माझी दोन बोटं आरामात बसली. मग त्यांनी गोधडी काढायला लावली. मिस्त्रींनी तोच पाय दाबला आणि दांडी टक् करून स्क्रूला जाऊन लागली. तेवढी दोन बोटांची जागा. पॅडल गोधडीला लागलं की पायाला वाटायचं तळ आला, आणि इंजिन महिनाभर अर्ध्या पोटी घाट चढत होतं. धूर कुठून येणार?

मिस्त्रींचं निदान पहिल्या दिवशीच बरोबर होतं, हे मी आधी म्हटलंच. फक्त एवढा सज्जन मिस्त्री नसता, बुटांसकट चढून बसणारा एखादा अडाणी असता, तर दोष पहिल्याच फेरीत सापडला असता. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की तरी पण नाय, पुढच्या वेळीबी मी काढूनच बसणार.

बायकोने गोधडी हातात घेतली होती. मला वाटलं ती आता खजील होईल आणि मी मोठ्या मनाने तिला क्षमा करीन. मी चेहराही तसा केला होता. तिने गोधडी बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाली, "सात पदर घातले होते. टाचेच्या डॉक्टरकडून आल्यावर रात्रभर कण्हत होतात, म्हणून दोन जास्त." एवढं बोलून तिने ती मिस्त्रींच्या हातात दिली. माझा क्षमा करायचा चेहरा कुठे ठेवावा कळेना.

मग तिने फोन काढला. घाटात रेंज नव्हती. "वर चला," ती म्हणाली.

मी बसलो. पायाखाली नुसता पत्रा, टाच दुखत होती, आणि पाय दाबला तर तो दाबतच राहिला, खाली जातच राहिला, जणू जुन्या घरात नवीन खोली सापडली. जीप तिसऱ्यात उठली. वळणं येत होती आणि मागे जात होती. काका डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं, त्यांची सगळी नोकरी संपल्यावर आलेलं. मिस्त्री मागून प्रत्येक वळणाला "हां" म्हणत होते.

घाटमाथ्यावर मोकळ्या जागेत गाडी लावली. खाली सगळी दरी, समोर पेठकडचा रस्ता. बायकोने सटाण्याच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला, बहुधा मी ऐकावं म्हणून. तिने सांगितलं की उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाही. तो ऐकून घेईना. महिना झाला, शब्द दिला, त्याने टेम्पो ठरवला आहे. ती शांतपणे नाही म्हणत राहिली. शेवटी त्याने हार मानली, पण धंद्यातला माणूस, कुतूहल जाईना. त्याने विचारलं की ताई, एवढं तरी सांगा, गाडीमा काय बिघाड व्हता?

बायकोने माझ्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं. मिस्त्रींनी गोधडी घडी करून मांडीवर घेतली होती, त्यांनीही पाहिलं.

"काही नाही हो," ती म्हणाली, "चालवणाऱ्याचा पाय पुरत नव्हता."

मला यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. निदान अर्ध्या तासाचं, अभिनयासकट. मी तोंडही उघडलं होतं. पण तिने तो फोन कापला, मेव्हण्याला दुसरा लावला आणि चार माणसांच्या भाकरी टाकायला सांगितल्या, त्यातले दोघे पाहुणे, पोटभर खाणारे. ओढ्याला पाणी किती आहे तेही विचारलं.

गुडघाभर, तो म्हणाला.

मी गाडी चालू केली.